सगळी मते एकालाच : बेळगाव उत्तर, १९३७

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगाव येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि महात्मा गांधींनी त्याचे अध्यक्षपद भूषविले. गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि तो मान बेळगावला मिळाला, याचा अभिमान त्या जिल्ह्याने पुढे कित्येक वर्षे बाळगला. या अधिवेशनानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, त्याच जिल्ह्यातील निपाणी या तंबाखूच्या पेठेत आणखी एक परिषद भरली. तिला ना मंडपाचा थाट होता, ना देशभरच्या प्रतिनिधींची गर्दी. ती मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद होती आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर. विलायतेहून परतून बॅरिस्टरी सुरू केलेल्या या तरुण पुढाऱ्याने आदल्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती. बेळगावच्या अधिवेशनाचा उल्लेख प्रत्येक इतिहासग्रंथात सापडतो, निपाणीच्या परिषदेचा मात्र क्वचितच. तथापि बारा वर्षांनी, १९३७ च्या निवडणुकीत, बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागात जे घडले त्याचे मूळ शोधावयाचे झाल्यास या दोन्ही सभांकडे पाहावे लागते.

निपाणीचे स्थानच मोठे चमत्कारिक आहे. आज सीमाभाग म्हटले की मराठी आणि कानडी या दोन भाषांची सीमा डोळ्यांपुढे येते. त्या काळची सीमा निराळी होती. निपाणी हे चिकोडी तालुक्यातील, म्हणजे इंग्रजी अमलाखालील खालसा मुलुखातील गाव, आणि थोडे पलीकडे गेले की कागल, म्हणजे कोल्हापूर संस्थानची हद्द. ज्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी मार्च १९२० मध्ये आंबेडकरांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून लोकांसमोर उभे केले, ते माणगाव कागल जहागिरीतलेच. एका हद्दीतला माणूस बाजारासाठी, सोयरिकीसाठी, सभेसाठी सहज दुसऱ्या हद्दीत जाई. कायदे मात्र हद्दीवर थांबत. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील महार वतने खालसा करून त्या जमिनी रयताव्याने दिल्या. चिकोडी तालुक्यातील महार मात्र १८७४ च्या मुंबई वतन कायद्याखाली वतनदारच राहिला. उलट १९३७ साली मुंबईच्या विधानसभेसाठी मत देण्याचा अधिकार निपाणीच्या महाराला मिळाला, कागलच्या महाराला तो नव्हता. एकाला जमिनीचा थोडासा मोकळेपणा होता पण मत नव्हते, आणि दुसऱ्याला मत होते पण मानेवर वतनाचे जू होते.

हे वतन म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकाला सांगावेच लागेल. गावचा महार हा सरकारचा कनिष्ठ ग्रामसेवक समजला जाई. सरकारी टपाल आणि वसुलाची रक्कम पोचविणे, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे, चावडीवर हाकेसरशी हजर होणे, गावात मयत झाले तर परगावी वर्दी देणे, मेलेली गुरे ओढणे, अशी ही न संपणारी चाकरी होती. तिच्या मोबदल्यात इनाम जमिनीचा एक तुकडा मिळे. तो पिढ्यान्‌पिढ्या वाटला जाऊन इतका लहान झालेला असे की त्यावर एका घराचेही पोट भरू नये. जोडीला रयतेकडून मिळणारे बलुते असे, आणि ते देणे न देणे रयतेच्या मर्जीवर होते. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, पण ते तडीस गेले नाही.

१९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने मताधिकार वाढविला. तरीही तो सर्वांना मिळाला नाही. जमिनीचा सारा, घरभाडे, शिक्षण अशा अटी पुऱ्या करणारालाच तो होता. अस्पृश्यवर्गात या अटी पुऱ्या करणारे थोडे, म्हणून त्यांच्यासाठी अटी सैल करण्यात आल्या. मुंबई इलाख्यात साक्षर असणे, किंवा प्रत्यक्ष काम करणारा कनिष्ठ ग्रामसेवक असणे, एवढ्यावर त्या वर्गातील माणसाचे नाव यादीत येऊ शकत होते. ज्या चाकरीने महाराला गावाचा बांधील केले होते, त्याच चाकरीच्या दाखल्यावर तो मतदार झाला! कायदा करणाऱ्यांना यातील विरोध जाणवला असेल असे वाटत नाही. परंतु गावपातळीवर त्याचा अर्थ फार गंभीर होता. मतदार झालेला हा माणूस पाटलाच्या हुकुमात होता, त्याचे बलुते रयतेच्या खळ्यावर होते, आणि त्याच्या बायकामुलांची रोजंदारी सवर्णांच्या शेतावर होती. अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या स्टार्ट समितीने १९३० च्या आपल्या अहवालात गावकऱ्यांच्या बहिष्काराचे वर्णन करून ठेवले आहे. काम बंद, दुकानातून जिन्नस बंद, वाट बंद. यासाठी कोणाला हात लावण्याचीही गरज पडत नसे. म्हणून या भागात एखाद्या स्पष्टवक्त्या उमेदवाराला पाठिंबा देणे म्हणजे केवळ मतपत्रिका टाकणे नव्हते. पुढच्या सुगीला खळ्यावरून रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवणे, असा त्याचा अर्थ होता.

आणि उमेदवारही साधासुधा नव्हता. बळवंतराव हणमंतराव वराळे हे धारवाडच्या विद्यार्थी वसतिगृहाची व्यवस्था पाहणारे गृहस्थ. दलित विद्यार्थ्यांसाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये जी पाच वसतिगृहे मंजूर केली, त्यांत मराठी मुलांसाठी पुणे, नाशिक व ठाणे, गुजराती मुलांसाठी अहमदाबाद आणि कानडी मुलांसाठी धारवाड येथे सोय झाली. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे त्यांची व्यवस्था आली. खेड्यातून आलेल्या मुलाला अंथरूण, दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाला दिवा देणारी ही घरे बाहेरून साधी दिसत. त्यांचा राजकीय परिणाम मात्र फार दूरवर पोचला. ज्या घरचा मुलगा धारवाडला शिकत होता, त्या घरी वराळे हे नाव भाषणांतून कळण्याची गरज नव्हती. कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या वस्त्यांत अशी घरे होती. उमेदवाराची ओळख सभांनी होते हे खरे, पण मुलाच्या वसतिगृहाने झालेली ओळख अधिक टिकते.

तथापि वराळे ज्या पक्षाचे तिकीट घेऊन उभे होते, त्या पक्षाचे नावच पुष्कळांच्या कपाळाला आठी आणणारे होते. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याच्या सभेत आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्याच वर्षी जातिसंस्थेच्या मुळावरच घाव घालणारे त्यांचे न झालेले लाहोरचे भाषण पुस्तकरूपाने निघाले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पक्षाच्या नावात जात नव्हती, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. कुळांना संरक्षण, जरूर तेथे उद्योगधंद्यांवर सरकारी मालकी वा नियंत्रण, शेतकऱ्यांसाठी भूतारण पेढ्या आणि सहकारी संस्था, कामगारांच्या तास-वेतनाचे कायदे, बेकारांना काम, सक्तीचे शिक्षण असा त्याचा कार्यक्रम होता. अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर यांच्यासारखे स्पृश्य कार्यकर्ते या पक्षाच्या तिकिटावर सर्वसाधारण जागांसाठी उभे होते. परंतु खेड्यातील सनातनी वृत्तीच्या मतदाराने जाहीरनामा कशाला वाचावा? त्याच्या कानावर येवल्याची घोषणा तेवढी पोचली होती. धर्म सोडून जाऊ म्हणणाऱ्याचा माणूस म्हणजे वराळे, एवढे त्याला पुरेसे होते.

येथे एक न्याय्य गोष्ट सांगणे अवश्य आहे. ही लढत पुरोगामी आणि प्रतिगामी अशी सरळ नव्हती. जिल्ह्यातील काँग्रेसमध्ये केवळ जुने कर्मठ लोक होते असे म्हणणे खोटे ठरेल. अण्णा बाबाजी लठ्ठे यांचेच उदाहरण घ्यावे. शाहू महाराजांचे ते चरित्रकार, ब्राह्मणेतर चळवळीतील अग्रणी आणि बेळगावात वकिली केलेले विद्वान गृहस्थ. १९३७ मध्ये ते काँग्रेसमध्ये होते आणि पुढे खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. पुण्याचे केशवराव जेधेही तोवर काँग्रेसमध्ये गेलेले होते. ब्राह्मणेतर चळवळीतील सुधारकी प्रवाहाचा मोठा भाग अशा रीतीने काँग्रेसला मिळाला होता. शिवाय १९३२ पासून हरिजन सेवक संघ काम करीत होता आणि काँग्रेस स्वतः हरिजन उमेदवार उभे करीत होती. मग अस्पृश्य मतदाराने काँग्रेसच्याच हरिजन उमेदवाराला मत का देऊ नये, हा प्रश्न प्रामाणिक होता. आंबेडकरांच्या अनुयायांचे त्यावरचे उत्तर असे : जो उमेदवार सवर्णांच्या मतांवर निवडून येतो तो सवर्णांना न आवडणारी गोष्ट सभागृहात बोलू शकत नाही. माणूस चांगला की वाईट याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. तो कोणाला जबाबदार, एवढाच त्यांचा सवाल होता.

आणि नेमका हाच सवाल मतदानाच्या पद्धतीत दडलेला होता. सामान्य वाचक ज्याला कंटाळवाणा तपशील म्हणून ओलांडून जातो, त्यातच या निवडणुकीचे मर्म आहे. सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. मुंबई इलाख्याच्या वाट्याला अशा पंधरा जागा आल्या, त्यांपैकी एक बेळगाव उत्तरची. करारात आणखी एक पायरी होती. प्रत्येक राखीव जागेसाठी प्रथम केवळ अस्पृश्य मतदारांनी मत देऊन चार उमेदवार निवडायचे, आणि मग त्या चौघांतून सर्व जातींच्या मतदारांनी एकाला निवडायचे. उमेदवार चार किंवा त्याहून कमी असले तर ही पहिली फेरी आपोआपच टळत असे.

प्रश्न होता तो दुसऱ्या फेरीचा. हे मतदारसंघ एकाहून अधिक जागांचे होते आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला होती. ही मते वाटायची कशी? एक पद्धत अशी की प्रत्येक उमेदवाराला एकच मत देता येते, म्हणजे तीन मते असतील तर ती तीन जणांना वाटावीच लागतात. दुसरी पद्धत अशी की मतदाराने आपली सगळी मते हवी तर एकालाच द्यावीत. पहिल्या पद्धतीला विभागणीची आणि दुसरीला संचयी मतदानाची पद्धत म्हणता येईल. मतदारसंघांची आखणी करण्यासाठी सर लॉरी हॅमंड यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली होती, तिच्यासमोर अस्पृश्यांच्या बाजूने संचयी पद्धतीचा आग्रह धरण्यात आला. मुंबई इलाख्यात तीच पद्धत लागू झाली.

या दोहोंत एवढा फरक का पडावा? एका कल्पित हिशेबाने ते स्पष्ट होईल. समजा, एका मतदारसंघात तीन जागा आहेत आणि त्यांपैकी एक राखीव आहे. एकूण मतदार तीस हजार, त्यांत अस्पृश्य तीन हजार. सत्तावीस हजार सवर्ण मतदारांपैकी निम्मे, म्हणजे साडेतेरा हजार, एका मोठ्या पक्षाच्या बाजूचे आहेत. मते वाटणे सक्तीचे असेल तर या साडेतेरा हजारांची पहिली दोन मते पक्षाच्या दोन सवर्ण उमेदवारांना जातील आणि उरलेले तिसरे मत, दुसरीकडे कोठे टाकावयाचे नसल्यामुळे, त्याच पक्षाच्या हरिजन उमेदवाराला मिळेल. तो काहीही न करता साडेतेरा हजार मते घेऊन बसेल. अस्पृश्यांचा स्वतःचा उमेदवार तीन हजारांवर थांबेल, मग त्याच्या वस्तीतील एकूण एक मत त्याला मिळो. आता संचयी पद्धत घ्या. तीन हजार मतदारांनी तिन्ही मते एकालाच दिली तर त्याची नऊ हजार होतात. पलीकडे सवर्ण मतदारालाही सूट आहे. त्याचे सोयरे, त्याच्या तालुक्याचे, त्याच्या भाषेचे उमेदवार सर्वसाधारण जागांसाठी उभे असतात. तो आपली तीनही मते त्यांच्यावरच उधळण्याचा मोह क्वचितच आवरतो. साडेतेरा हजारांपैकी तिघांतल्या एकानेच एकेक मत हरिजन उमेदवाराला दिले तर त्याला साडेचार हजारच पडतात, आणि नऊ हजारवाला निवडून येतो.

परंतु याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या मोठ्या पक्षाने कडक शिस्तीने प्रत्येक मतदाराचे एक मत आपल्या हरिजन उमेदवाराला देवविले, तर पुन्हा साडेतेरा हजार होतात आणि नऊ हजार कमी पडतात. म्हणजे संचयी मतदानाने विजयाची शक्यता दिली, हमी दिली नाही. ती शक्यता प्रत्यक्षात आणण्यास दोन गोष्टी लागत. अस्पृश्य मतदाराने एकही मत दुसरीकडे न दवडणे ही पहिली, आणि सवर्णांतील काही थोड्या लोकांनी पक्षाच्या आज्ञेबाहेर जाणे ही दुसरी. पहिली गोष्ट बोलायला सोपी आहे. गावच्या पाटलाचा उमेदवार सर्वसाधारण जागेसाठी उभा असताना ‘एक मत आम्हांला दे, एक तुझ्या माणसाला दे’ ही मागणी किती वाजवी वाटते! तिला नाही म्हणावयाचे आणि शिवाय तसे न दाखविता म्हणावयाचे, हे गुप्त मतदानाचे खरे शिक्षण त्या महारवाड्यांनी त्या एका महिन्यात घेतले.

फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान झाले आणि बेळगाव उत्तरच्या राखीव जागेवर वराळे निवडून आले. मुंबईत भायखळा-परळ मतदारसंघात स्वतः आंबेडकरांनी काँग्रेसचे उमेदवार, नामांकित क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा पराभव केला. तेथील आकडे १३,२४५ विरुद्ध ११,२२५ असे होते. मुंबईसारख्या गिरणगावातही लढत किती चुरशीची झाली हे त्यावरून दिसते. स्वतंत्र मजूर पक्षाने उभ्या केलेल्या सतरा उमेदवारांपैकी दोन-तीन वगळता सर्व निवडून आले. १७५ जणांच्या सभागृहात काँग्रेसने जवळजवळ निम्म्या जागा जिंकल्या असताना या लहानशा पक्षाचे हे यश कोणाच्या अपेक्षेत नव्हते.

निवडून दिलेल्या माणसांनी केले काय? सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, महार वतनाचा प्रश्नही पुन्हा उभा केला. १९३८ च्या जानेवारीत कोकण व देशावरील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, आणि नोव्हेंबरात संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. विधेयके पास झाली नाहीत. विरोधी बाकांवरील चौदा-पंधरा माणसांकडून ते होणारही नव्हते. परंतु बेळगावकरांच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची चर्चा एप्रिल १९३८ मध्ये झाली. कर्नाटकाचा निराळा प्रांत करावा असा ठराव सभागृहापुढे आला असता आंबेडकरांनी त्याला विरोध केला. कानडी भाषेविषयी त्यांना आकस नव्हता. भाषेच्या नावाने प्रांत झाला की त्या प्रांतातील बहुसंख्य जातीचे वर्चस्व पक्के होते आणि लहान जातींना आसरा उरत नाही, ही त्यांची चिंता होती. पुढे १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी भाषावार राज्याचे तत्त्व मान्य केले, पण अल्पसंख्यकांविषयीची ही चिंता सोडली नाही. त्यानंतर वर्षभरातच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाच्या वादात मराठी आणि कानडी या दोनच बाजू ऐकू येतात. तिसऱ्या बाजूने, महारवाड्यातून आणि होलेयांच्या केरीतून, प्रश्न कसा दिसत होता, याचा उल्लेख दोन्हीकडचे वक्ते फारसा करीत नाहीत.

वतनाचीही अखेर हद्दीप्रमाणेच झाली. मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द केली, पण निपाणी तेव्हा त्या राज्यात नव्हती. तेथील वतनदार सुटला तो म्हैसूर राज्याच्या १९६१ च्या कायद्याने. १९३७ मध्ये जे मतदार होते त्यांतील कित्येकांनी तो दिवस पाहिला नसेल.

आणि संचयी मतांचे काय झाले? १९४६ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या लाटेपुढे हा हिशेबही टिकला नाही. मजूर पक्षाच्या जागी आलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला देशभरातील १५१ राखीव जागांपैकी दोनच मिळाल्या, आणि त्यांत मुंबई इलाख्यातील एकही नव्हती. ज्या शिस्तीची शक्यता वर हिशेबात मांडली, तीच काँग्रेसने त्या वेळी प्रत्यक्षात आणून दाखविली. प्रजासत्ताकाच्या पहिल्या निवडणुकीत मताधिकार सर्व प्रौढांना मिळाला. राखीव जागा द्विसदस्य मतदारसंघांत ठेवण्यात आल्या आणि तेथे दोन मते दोन निरनिराळ्या उमेदवारांना देण्याचे बंधन आले. एकालाच दोन्ही दिली तर एक मत बाद. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आंबेडकर १४,५६१ मतांनी पराभूत झाले, आणि तेथे बाद ठरलेली मते चौऱ्याहत्तर हजारांवर होती. आंबेडकर आणि अशोक मेहता यांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पण तो फेटाळला गेला. १९६१ मध्ये द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले.

आज बेळगावी जिल्ह्यात कुडची आणि रायबाग हे अनुसूचित जातींसाठी राखीव विधानसभा मतदारसंघ आहेत आणि निपाणी सर्वसाधारण आहे. तिन्ही ठिकाणी प्रत्येक मतदाराला एकच मत आहे. वराळे यांनी आपल्या आठवणी मराठीत लिहून ठेवल्या आहेत. निपाणीतून कोल्हापूरकडे जाणारी एस्टी आजही पहिल्या काही मैलांतच राज्याची हद्द ओलांडते आणि कागलला थांबते.